चार तोंडांचा पंखा आणि खाऱ्या पाण्यातला फ्लॉवर

कोथरूड, वरचा मजला, पश्चिमेची भिंत. एप्रिलात दुपारी चारला माझ्या दीडशे लिटरच्या समुद्री मत्स्यालयाच्या टाकीचं पाणी २९.५ अंशांवर जायचं. सॉफ्ट कोरलना, म्हणजे मऊ प्रवाळांना, २५-२६ मानवतं. लेदर कोरल, म्हणजे सासूबाईंच्या भाषेत 'खाऱ्या पाण्यातला फ्लॉवर', अंग चोरून मिटायचा आणि झेनिया या दुसऱ्या कोरलच्या मुठींची उघडमीट थांबायची. चिलरची, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राची, किंमत विचारली. तेवढ्यात जुनी ॲक्टिव्हा येते. मग काचेच्या कडेला अडकवायचा चार तोंडांचा पंखा मागवला, साडेतेराशेला. आता दोन उन्हाळे झालेत.

गार करतो, पण माठासारखा. पाणी उडतं, म्हणून गारवा. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात तीन अंश सहज उतरतात. हाच पंखा दादरला नणंदेकडे जेमतेम एक अंश उतरवतो. जुलैत इथेही तीच गत, पण तेव्हा लागतो कुणाला?

गोची अशी की पाणी उडतं, मीठ मागे राहतं. माझ्याकडे रोज तीन लिटर जातं. पहिल्या मे महिन्यात लग्नाला चार दिवस कोल्हापूरला गेलो. आल्यावर खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरला डोळा लावला तर हजारी ३५ चा खारटपणा ३८ झालेला! लेदर पार सुरकुतलेला. बारा लिटर एकदम ओतले नाहीत, दोन दिवसांत थोडे थोडे घातले. भर घालायची ती साध्या आरओ-डीआय (सगळे क्षार काढलेल्या) पाण्याची, मिठाच्या पाण्याची नाही. स्वयंपाकघरातला आरओ चालत नाही; आमच्याकडच्यात चवीसाठी कच्चं पाणी मिसळतं, टीडीएस (विरघळलेले क्षार) ६० येतो.

आठवड्याने लेदर परत मिटला, वर मेणासारखा चकचकीत पापुद्रा. मी पंख्यालाच शिव्या घातल्या. पण लेदर बिचारा कात टाकत होता. प्रवाह थोडा वाढवला, पापुद्रा धुऊन गेला, पाचव्या दिवशी बोटं बाहेर.

तक्रारी दोन. थर्मोस्टॅट सोबत येत नाही. तो वेगळा नऊशेला. त्याच्याविना पंखा रात्रभर फिरतो आणि पहाटे पाणी २३ वर. दुसरी तक्रार क्लिपच्या स्क्रूची. सहा महिन्यांत गंजले, तांबडा ओघळ काचेवरून थेट पाण्याकडे. समुद्री टाकीसाठी म्हणून विकताय आणि स्क्रू लोखंडी? मी नायलॉनचे बसवले, वीस रुपयांत.

आवाज लांबच्या गिरणीसारखा. हॉलमध्ये चालेल, बेडरूममध्ये नको.

पाचपैकी साडेतीन. अर्धा स्क्रूंनी खाल्ला.