घरच्या स्टुडिओला १ केव्हीए ऑनलाइन यूपीएस: जळगावात आठ महिने वापरल्यावर

आत १२ व्होल्ट, ७ एएच (अँपिअर-अवर) क्षमतेच्या तीन बॅटऱ्या. वर भार लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी) आणि दोन पाच इंची मॉनिटर स्पीकरचा, सगळं मिळून २०० वॅटच्या आसपास.

व्होल्टेजचं काम चोख करतो. दिवसा १९० ला उतरणारी आणि रात्री २५० ला टेकणारी लाइन आत आली तरी बाहेर २३० च. ऑनलाइन म्हणजे इन्व्हर्टर कायम चालू, त्यामुळे लाइट गेली तरी रेकॉर्डिंगचा टेक तुटत नाही. एसी आणि इस्त्री मात्र यावर अजिबात नको. ओव्हरलोड झाला की तो बायपासवर जातो, म्हणजे इन्व्हर्टर वगळतो, आणि बाहेरची कच्ची वीज थेट मॉनिटरला मिळते.

मॉनिटरमधली विजेची ५० हर्ट्झची घूं मात्र याने गेली नाही, कारण अर्थची वायर यूपीएसमधून तशीच पुढे जाते. मॉनिटर आधी समोरच्या भिंतीतल्या सॉकेटवर होते, म्हणजे अर्थला दोन वाटा. सगळं एकाच बोर्डावर आणलं, मॉनिटरला बॅलन्स्ड केबल (आवाजाच्या दोन तारा आणि वेगळी शील्ड असलेली) दिली, घूं थांबली. घूं घालवायला प्लगची अर्थ पिन कापणं हा जिवाशी खेळ आहे, कोणी सांगितलं तरी करू नका.

अर्थिंगचा खड्डा आधी तपासा. आपली काळी माती मेमध्ये भेगाळते, रॉडची पकड सुटते. तेव्हा अर्थ टेस्टरवर १४ ओहम रोध आला. बिघाड होऊन वीज अर्थला गेली तर एवढ्या रोधातून फार तर १६ अँपिअर वाहतात; १० अँपिअरचा सी-कर्व्ह प्रकारचा एमसीबी (जादा प्रवाहाला आपोआप पडणारा स्विच) झटकन पडायला ५० ते १०० लागतात. तीन मीटरचा नवा रॉड, भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) आणि आठवड्याला दोन बादल्या पाणी, यावर रोध ३.५ वर आला. तरीही ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज अर्थला गळताच लाइन तोडणारा स्विच) हवाच.

खरी तक्रार यूपीएसच्या पंख्याची. हलक्या आवाजातल्या अहिराणी ओव्या घेताना तो माइकमध्ये स्पष्ट येतो. पॅसेजमध्ये हलवला तर तिथे ४० च्या वर तापमान, आणि २५ च्या वर दर १० अंशांना बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं. बॅकअप २५ मिनिटांवरून १७ वर आलाय. आता तो आतल्या, पश्चिमेच्या उन्हाची भिंत न लागणाऱ्या कोठीत आहे, तिथून २.५ चौरस मिमीची तीन तारांची तांब्याची लाइन स्टुडिओच्या बोर्डापर्यंत ओढली.

बॅकअप तपासताना प्लग उपसू नका, अर्थही तुटतो. यूपीएसला वीज देणारा एमसीबी पाडा.