पेमेंटची फी: बोलीत मुरवावी की शिपिंगमध्ये?

ऑनलाइन लिलावात माल विकणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा हिशेब मांडावा लागतो: पेमेंट सेवा जी फी कापते, ती कोणाच्या माथी मारायची? बिलात 'पेमेंट फी' अशी वेगळी ओळ लावून मोकळं व्हावं असं पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटतं. पण ती वाट बहुतेक ठिकाणी बंद आहे. ईबेसारख्या लिलावाच्या साइटच्या नियमांत नेहमीच्या पेमेंट पद्धतींवर वरून पैसे मागायला मनाई आहे, आणि युरोपीय संघात व ब्रिटनमध्ये तर जानेवारी २०१८ पासून ग्राहकांच्या कार्डांवर असा अधिभार लावणं कायद्यातच बसत नाही. 'मित्राला पैसे पाठवतो' असं दाखवून फी चुकवायची पळवाट मी धरतच नाही. तिथे खरेदीदाराला संरक्षण उरत नाही, त्यामुळे जाणता खरेदीदार लिलाव जिंकूनही बिचकतो.

मग राहतात दोनच जागा. सुरुवातीची बोली थोडी चढी ठेवायची, नाहीतर शिपिंगच्या रकमेत 'हँडलिंग' म्हणजे पॅकिंग-हाताळणीचा खर्च म्हणून ती फी सामावून घ्यायची. मी जुनी पोस्टकार्डं आणि नाणी विकतो, म्हणजे हलका आणि बऱ्याचदा स्वस्त माल. दोन्ही पद्धती वापरून झाल्या आहेत. तुमचा माल वेगळा असेल तर माझं म्हणणं तेवढं कमी करून वाचा.

स्वस्त माल मुद्दाम सांगितला, कारण फीचा चावा तिथेच जाणवतो. पेपॅल या पेमेंट सेवेचा अमेरिकेतला बरीच वर्षं चाललेला दर घ्या: २.९ टक्के अधिक ३० सेंट. शंभर डॉलरच्या वस्तूवर कपात होते ३ डॉलर २० सेंट, म्हणजे फार काही नाही. तीच पाच डॉलरच्या पोस्टकार्डावर जवळजवळ ४५ सेंट, म्हणजे नऊ टक्के. एका डॉलरवर बोली थांबली तर एक तृतीयांश रक्कम फीतच गेली. टक्केवारीकडे सगळे बघतात, पण लहान विक्रेत्याला खाऊन टाकतो तो त्यामागचा ठराविक आकडा. (लहान रकमांसाठी पेपॅलचा पाच टक्के अधिक पाच सेंट असाही दर असायचा. बारा डॉलरच्या आत तो स्वस्त पडे, त्यावर महाग. ज्यांचा सगळाच माल चिल्लर, त्यांनी असे दर अजूनही विचारून बघावेत.)

हँडलिंगच्या बाजूने बोलायचं तर मुद्दा खरा आहे. लिलावात कमी बोलीने सुरुवात केली की माणसं जमतात, आणि एकदा बोली लावलेला माणूस सहसा मागे हटत नाही. सुरुवातच चढी ठेवली तर तो पहिलं पाऊल टाकणारा येतच नाही. हँडलिंग मात्र बोलीच्या बाहेर असतं. लिलाव कुठेही थांबो, ती रक्कम तुमच्या हातात पडणारच. ३० सेंटसारखा ठराविक भाग तिथे अगदी चपखल बसतो.

अडचण टक्केवारीच्या भागाची आहे. लिस्टिंग, म्हणजे विक्रीची नोंद, लिहिताना अंतिम किंमत कुणाला माहीत असते? पाच डॉलर धरून हँडलिंग ठरवावं आणि बोली चाळीसवर जावी, किंवा चाळीस धरावेत आणि पाचवरच गाडी अडावी. दोन्हीकडे आकडा चुकतो. बोलीत फी मुरवताना ही भानगड नाही. बोली वर गेली तर चढाओढ फीची भरपाई आपोआप करते. सांभाळायची असते ती फक्त एकाच माणसाने बोली लावल्याची वाईट परिस्थिती, आणि तिथली किंमत म्हणजे तुमची सुरुवातीची बोलीच. तो आकडा तुम्हाला आधीच माहीत असतो.

तो काढताना मात्र नुसते २.९ टक्के वर चढवून भागत नाही. फी चढवलेल्या रकमेवरही बसते आणि शिपिंगच्या रकमेवरही. पोस्टकार्डाचे निव्वळ पाच डॉलर हातात हवेत, टपालाला चार डॉलर लागणार, तर पाच, चार आणि ३० सेंट मिळवायचे आणि ०.९७१ ने (१ वजा ०.०२९) भागायचं. येतात ९ डॉलर ५८ सेंट. त्यातून टपालाचे चार वजा केले की सुरुवातीची बोली ५ डॉलर ५८ सेंट. तुमच्या साइटचं कमिशन वेगळं असेल तर ती टक्केवारीही त्याच भागाकारात घाला. एकदा स्प्रेडशीटमध्ये बसवलं की पुन्हा डोकं लावावं लागत नाही.

इथपर्यंत दोन्ही पद्धती उन्नीस-बीसच म्हणायच्या. माझा कौल फिरला तो पाकिटामुळे.

पाकिटावर टपालखर्च बऱ्याचदा छापलेला असतो. तिकिटं लावली तर आकडा दिसतोच, लेबलावरही तो कित्येकदा असतो. खरेदीदार पाकीट हातात घेतो, कोपऱ्यातला आकडा बघतो आणि बिलावरच्या आकड्याशी ताडून पाहतो. मधला फरक म्हणजे आपल्याला गंडवलं, असं त्याचं गणित. मग निरोप येतो: "टपालाला एवढेच लागले, मग माझ्याकडून जास्त का घेतले?" आता पाकीट, पुठ्ठा, प्लास्टिकची पिशवी, पेमेंटची फी हे सगळं समजावत बसा. फीचं नाव काढलं तर तो नियम दाखवतो. नाही काढलं तर पुठ्ठ्याला एवढे कसे लागले, हा प्रश्न. अशा पत्रव्यवहारात जाणारा वेळ धरला तर वाचवलेले सेंट कुठल्या कुठे जातात. आणि गंमत अशी की ईबेवर खरेदीदार विक्रेत्याला गुण देताना शिपिंगच्या खर्चाला वेगळे तारे देतो, सुरुवातीच्या बोलीला तारे द्यायची सोयच नाही. ५ डॉलर ५८ सेंट का, ५ का नाही, असं मला आजवर कुणी विचारलेलं नाही. महाग वाटलं तर माणूस गुपचूप पुढे जातो.

त्यात एकाच गिऱ्हाइकाने पाच-सहा लॉट (लिलावातले वेगवेगळे नग) जिंकले की हँडलिंगवाल्याची आणखी पंचाईत. पोस्टकार्डवाले तर असंच घेतात, एका गावाची किंवा एका काळाची सगळी. तो साहजिकच म्हणतो, एकाच पाकिटात पाठवा आणि शिपिंग एकदाच लावा. रास्त मागणी आहे. पण प्रत्येक लॉटच्या शिपिंगमध्ये फीचा तुकडा दडवलेला असेल तर तो वेगळा काढून नवं बिल बनवावं लागतं, नाहीतर सूट देता देता टक्केवारीची फीही आपल्याच अंगावर येते. फी बोलीत असेल तर टपाल एकदाच लावायचं आणि विषय संपला. उलट ठराविक ३० सेंट एकाच पेमेंटवर लागत असल्याने थोडे पैसे वाचतातच.

पूर्वी हँडलिंगला एक मोठं आमिष होतं. एक सेंटची बोली, दहा डॉलरचं शिपिंग, आणि साइटचं कमिशन फक्त त्या एका सेंटवर. ईबेने २०११ मध्ये अमेरिकेत शिपिंगच्या रकमेवरही कमिशन लावायला सुरुवात केली आणि ती युक्ती संपली. पेमेंट सेवेची फी तर आलेल्या पूर्ण रकमेवरच लागायची. म्हणजे पैसा या खिशातून त्या खिशात हलवून आता कपात चुकत नाही. हल्ली तर ईबेचं कमिशन विक्रीकरासह होणाऱ्या एकूण रकमेवर मोजलं जातं, जो कर विक्रेत्याच्या हातात येतसुद्धा नाही.

पेमेंटची वेगळी फी हा प्रकारच तिथे विरघळला आहे. ईबेने २००२ मध्ये पेपॅल घेतलं, २०१५ मध्ये दोन्ही कंपन्या वेगळ्या झाल्या, आणि २०१८ मध्ये ईबेने पेमेंटचं काम अडेयन या दुसऱ्या पेमेंट कंपनीकडे सोपवायचं जाहीर केलं. पूर्वी साइटचं कमिशन एकीकडे आणि पेपॅलची कपात दुसरीकडे असे दोन हिशेब जुळवावे लागत. आता पैसे खात्यात येण्याआधीच एकत्र कापले जातात. विक्रेत्यालाच जी फी वेगळी दिसत नाही, ती खरेदीदाराकडे वेगळी मागायची कशी?

परताव्याचा मुद्दा दोन्हींत सारखाच बोचतो. माल परत आला तर पेपॅल २०१९ पासून आधी कापलेली फी परत देत नाही. ती बोलीत मुरवली होती की शिपिंगमध्ये, याने फरक पडत नाही. एवढंच बघा की परतावे जास्त येणारा माल असेल, कपडे किंवा जुनी यंत्रं, तर भागाकारात एखादा टक्का आणखी धरा.

तरीही हँडलिंग सरसकट वाईट असं मी म्हणणार नाही. काचसामान, जड यंत्रं, चौकटीतली चित्रं यांना पॅकिंगचा खर्च खरोखरच येतो, आणि मोठं खोकं हातात आल्यावर फोम आणि दुहेरी पुठ्ठा बघून खरेदीदारालाही तो पटतो. तिथे खऱ्या पॅकिंगइतकं हँडलिंग लावावं, फक्त पेमेंटची फी त्यात घुसवू नये. ज्या मालावर हमखास चढाओढ होते, म्हणजे दुर्मीळ नाणी वगैरे, तिथे तर मी सुरुवातीच्या बोलीचा भागाकारही करत नाही. कमी बोलीने सोडतो, फी आपसूक निघते. भागाकार लागतो तो मधल्या मालाला, एक-दोनच गिऱ्हाइकं असलेल्या. तुमचा बराचसा माल तसाच असेल, तर फी बोलीत घाला आणि शिपिंगचा आकडा पाकिटावरच्या आकड्याच्या शक्य तितका जवळ ठेवा.