बिलेटचे पैसे घेतले, ओतीव व्हील बसवलं

माझी थार सीआरडीई (डिझेल) २०१४ ची. गेल्या उन्हाळ्यात ताम्हिणीच्या चढाला पिकअप गेला आणि इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या टर्बोची शिट्टी ॲम्ब्युलन्ससारखी वाजायला लागली. पाइप काढून टर्बोच्या पातीवाल्या चाकाचा, म्हणजे व्हीलचा शाफ्ट बोटांनी हलवून पाहिला. आडवा किंचित हलला तर चालतं, तेलाच्या थराला तेवढी जागा लागते. माझा पुढे-मागेही हलत होता, म्हणजे शाफ्टला पुढे-मागे सरकू न देणारं थ्रस्ट बेअरिंग संपलं होतं.

टर्बोवाल्याकडे गेलो. "साहेब, नुसता रिपेअर कशाला? बिलेट व्हील टाकतो, ३६० डिग्री थ्रस्ट टाकतो, गाडी उडेल." बिलेट म्हणजे ॲल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून सीएनसी मशीनवर कोरलेलं व्हील. ३६० डिग्री थ्रस्ट म्हणजे पूर्ण गोल आधार देणारं थ्रस्ट बेअरिंग. ३२,००० सांगितले, २९ ला तुटलं. चार दिवसांनी चकाचक रंगवलेला टर्बो बसवून मिळाला, वर बॅलन्सिंगचा, म्हणजे व्हील न थरथरता फिरतं हे दाखवणारा, छापील ग्राफ. तो ग्राफ मी कौतुकाने मित्रांना पाठवला होता, आता आठवलं की लाज वाटते.

गाडी पळाली, खोटं कशाला बोलू. दीड महिना पळाली. मग सकाळी स्टार्ट केली की निळा धूर, आणि इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणारा) पाइप काढला तर आत अर्धा कप तेल.

या वेळी दुसऱ्याकडे गेलो. हे काका तीस वर्षं टर्बोच खोलतायत. त्यांनी व्हील पुसून माझ्या हातात दिलं. "नख फिरव." पात्यांच्या मधोमध साच्याच्या जोडाची बारीक रेघ नखाला लागली. कोरलेल्या व्हीलवर कटरच्या समांतर रेषा दिसतात. इथे खरखरीत ओतकाम. बॅलन्स करताना नटावर किंवा व्हीलच्या मागे थोडा धातू घासून काढतात, इथे घासल्याची खूणच नाही. लाखाच्या वर आरपीएमने फिरणारी वस्तू! ३६० डिग्री थ्रस्टच्या जागी साधंच बेअरिंग निघालं.

मग गाडी पळत कशी होती? वेस्टगेट म्हणजे जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप. ती उघडणाऱ्या ॲक्च्युएटरचा रॉड आखूड केला होता. लॉकनटच्या पुढे दोन आटे नवे चमकत होते. वेस्टगेट उशिरा उघडतो, बूस्ट (हवेचा दाब) वाढतो, गिऱ्हाईक खूश. तेलाच्या परतीच्या तोंडाशी लाल सिलिकॉनचा गोळा अडकलेला. तेल खाली उतरेना, म्हणून सीलमधून बाहेर. (टर्बोचं सील रबराचं नसतं, पिस्टन रिंगसारखी बारीक रिंग असते, तुंबलेलं तेल ती अडवू शकत नाही.)

सगळ्यात राग आला तो एअर फिल्टरच्या डब्याचा. क्लिप तुटलेली, फटीतून धूळ आत. मूळ टर्बो त्या धुळीनेच खाल्ला होता, पात्यांच्या कडा बोथट झाल्या होत्या. पन्नास रुपयांची क्लिप त्या माणसाने बदलली नाही की दाखवली नाही.

काकांनी ग्राफ मागितला. त्यावर कोरचा (शाफ्ट, व्हील, बेअरिंगचा मधला भाग) नंबर नव्हता. तारीख होती, मी टर्बो दुकानात दिला त्याच्या दोन दिवस आधीची.

पहिल्या दुकानात जाऊन माझा मूळ कोर मागितला. "तो भंगारात गेला साहेब." सहा फेऱ्या आणि दोनदा आवाज चढवल्यावर ९,००० परत मिळाले. काकांनी साधा कंपनीच्या मापाचा कोर बसवला, तेलाचे दोन्ही पाइप नवे टाकले, आणि स्टार्ट करण्याआधी ऑइलच्या तोंडातून तेल ओतून शाफ्ट हाताने फिरवला. मी शेजारी उभा होतो. या वेळी काढलेला कोर पिशवीत घालून घरी आणला.