"पैसे नाही पाठवलेस तर मी जीव देईन" असं कुणी म्हणालं तर आधी १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा

लिहू की नको करत चार महिने गेले. पण परवा ऑफिसातली एक मुलगी फोनवर "असं नको ना बोलू, पाठवते ना मी" म्हणताना ऐकली आणि पोटात गोळाच आला, म्हणून लिहितेय.

मी मिरजेची, वय ३९, घटस्फोटाला सहा वर्षं झाली. विवाह साइटवर एकाची रिक्वेस्ट आली, मर्चंट नेव्हीत इंजिनिअर, मूळ नागपूरचा, बायको वारलेली. सकाळी पहिला मेसेज त्याचा, रात्री शेवटचा त्याचाच. "जेवलीस का गं" असं मला कुणी विचारून किती वर्षं झाली होती. व्हिडिओ कॉल म्हटलं की जहाजावर नेट नाही. दोन महिने एक रुपया मागितला नाही, हे मुद्दाम सांगतेय, कारण लोक विचारतात पैसे मागितल्यावर तरी कळलं नाही का, अहो तोवर तो घरातलाच झालेला असतो.

मग पार्सल. माझ्यासाठी दागिने आणि पाउंड पाठवलेत म्हणे, ते दिल्ली एअरपोर्टवर अडकले, कस्टममधून बाईंचा फोन, ४५,००० भरा. भरले. मग दंड, मग कसलं तरी सर्टिफिकेट, आणि खातं दर वेळी वेगळ्याच माणसाच्या नावाचं. (कस्टम कधीही फोन करून कुणाच्या खासगी खात्यात पैसे भरायला सांगत नाही, हे मला नंतर कळलं.) मी विचारलं तर तो चिडला नाही, रडला. तुझा विश्वास नसेल तर मला जगायचंच नाही म्हणाला.

तिथून पुढे सगळं मरणावरच आलं. मुंबईत उतरलोय, टेन्शननं ॲडमिट आहे म्हणून एक फोटो आला, सलाईन लावलेला हात, मनगटाजवळ पांढरी चिकटपट्टी, खाली हिरवी चादर. तो फोटो मी दिवसातून कितीदा झूम करायचे, ती पट्टी माझ्यामुळे लागलीय असंच वाटायचं. मी म्हटलं पत्ता दे, ११२ ला कळवते, कुणीतरी येईल. पत्ता कधीच दिला नाही, नवीन यूपीआय आयडी तेवढा यायचा. आईच्या पाटल्या गोल्ड लोनला ठेवल्या. एकूण ६,४०,००० गेले.

पैसे संपले तेव्हा म्हणाला, आता आपण दोघं एकत्रच जाऊ, वर तरी कुणी अडवणार नाही. आणि खरं सांगते, मला ते प्रेमच वाटलं. माझ्यासाठी मरायला तयार असलेला माणूस, एवढंच डोक्यात. त्या रात्री मी काय ठरवलं होतं ते इथे लिहीत नाही. दोन वाजता आई पाणी प्यायला उठली, मावशीच्या मुलीचं लग्न जवळ आलेलं, तिनं सहज विचारलं "पाटल्या कुठंयत गं?" आणि मी तिथेच ओट्याला टेकून ढसाढसा रडले. सगळं सांगितलं. ती एक शब्द ओरडली नाही.

सकाळी भाच्यानं तो सलाईनचा फोटो गूगल लेन्सवर टाकला. कुठल्यातरी जुन्या पेजवर तोच हात, तीच चादर.

१९३० ला फोन केला तर त्यांनी बँक, ट्रान्झॅक्शन नंबर, तारीख, वेळ विचारली, हे हाताशी घेऊनच बसा. cybercrime.gov.in हे सरकारी पोर्टल आहे, तिथेही तक्रार होते. आदल्या दिवशी पाठवलेले ३८,००० खात्यातच होल्ड झाले, आधीचे केव्हाच पुढे सरकलेले. बँकेनं हात वर केले, पिन तुम्हीच टाकलात म्हणाले. पोलीस ठाण्यात एफआयआर झाली, होल्डचे पैसे परत मिळवायचं काम चालूय.

आणि माझ्यासारखी रात्र कुणाची आत्ता चालू असेल तर १४४१६ वर फोन करा, टेली मानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. मी तीन वेळा केलाय. पहिल्यांदा नुसतीच रडले, पलीकडच्या ताईंनी फोन ठेवला नाही.

गेल्या आठवड्यात दुसऱ्याच नंबरवरून मेसेज आला, "जेवलीस का गं". हात थरथरत होता. स्क्रीनशॉट काढून तपास करणाऱ्या साहेबांना पाठवला, नंबर ब्लॉक केला आणि आईच्या शेजारी जाऊन बसले.