८८ दिवसांचा पुरावा: आंब्याची बाग की मोटेलचे स्वयंपाकघर?

ऑस्ट्रेलियाचा ४६२ उपवर्गाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा (तरुणांना फिरता फिरता काम करू देणारा) सप्टेंबर २०२४ पासून भारतीयांना खुला झाला. वर्षाला एक हजार जागांच्या सोडतीत ज्यांचे नाव निघाले, त्यांच्यापैकी अनेकांपुढे आता दुसऱ्या वर्षाच्या व्हिसासाठी ठरावीक भागांत ठरावीक प्रकारचे काम करून भराव्या लागणाऱ्या ८८ दिवसांचा प्रश्न असेल. मी ते दिवस नॉर्दर्न टेरिटरीतील कॅथरीन परिसरात भरले. आधी कंत्राटदारामार्फत आंब्याच्या बागेत आणि नंतर एका मोटेलच्या स्वयंपाकघरात. तिथे दोन्ही कामे नियमात बसतात.

बागेतील कामाबद्दल माझी तक्रार नाही. आंब्याचा चीक आपल्याला नवा नसतो, तरी पहिल्या आठवड्यात मनगटापासून कोपरापर्यंत हात पोळले, आणि देठासकट फळ उतरवण्याची कोकणची रीत किती शहाणपणाची आहे हे पटले. पैसेही बरे मिळाले. पावसाच्या दिवशी मात्र काम नाही, म्हणजे मजुरी नाही आणि मोजायला दिवसही नाही.

खरा त्रास पगारपत्रकाचा झाला. त्यावर कंत्राटदाराचे नाव, त्याचाच एबीएन (व्यवसायाचा सरकारी नोंदणी क्रमांक) आणि दूरच्या शहरातील कार्यालयाचा पत्ता होता. ज्या बागेत मी राबलो तिचा पोस्टकोड कुठेही नव्हता, आणि व्हिसासाठी महत्त्व असते ते प्रत्यक्ष काम कुठे केले यालाच. केलेल्या कामाची खात्री देणाऱ्या १४६४ क्रमांकाच्या अर्जावर सही घ्यायला गेलो, तेव्हा हंगाम संपून मुकादम दुसऱ्या राज्यात निघून गेला होता. सतरा दिवसांच्या कामासाठी मी जवळजवळ महिनाभर फोन करत होतो. (सोबतच्या ब्रिटिश मुलाला यातले काहीच करावे लागत नव्हते, ब्रिटिश पासपोर्टधारकांसाठी ही अट १ जुलै २०२४ पासून उठली आहे.)

मोटेलमध्ये भांडी घासणे आणि कांदे चिरणे यात सांगण्यासारखे काही नाही. परंतु दर बुधवारी ईमेलवर पगारपत्रक येई, त्यावरचा पत्ता आणि माझ्या कामाची जागा एकच असे, आणि तीच रक्कम बँकेच्या खात्यातही दिसे. आठवड्याचे पूर्ण तास भरत असल्याने सुट्टीचे दोन दिवसही हिशेबात धरता आले.

ज्यांना मोकळ्या हवेतील काम आवडते आणि हंगामात चार पैसे अधिक जोडायचे आहेत, त्यांना बाग कदाचित अधिक मानवेल. बागमालकाने थेट कामावर घेतले तर माझा आक्षेपही बराचसा गळून पडतो. पण मला पुन्हा निवड करायची वेळ आली, तर मी स्वयंपाकघरच धरीन. बागेतच जायचे ठरले, तर निदान पहिल्याच दिवशी मालकाचा एबीएन आणि बागेचा पोस्टकोड लिहून घ्यावा आणि अर्जावरची सही तोडणी संपण्याच्या आदल्या आठवड्यात, मुकादम समोर असतानाच मागावी.