पानथरीतील गाठ आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया : नाशिकमधील एका रुग्णालयाचा अनुभव

माझ्या धाकट्या बहिणीला काही महिन्यांपासून डाव्या बरगडीखाली जड वाटत होते आणि अर्ध्या भाकरीतच तिचे पोट भरत होते. पित्त समजून आम्ही तिला कोकम सरबत पाजत राहिलो. सोनोग्राफीत पानथरीत (प्लीहेत) ९ सेंटिमीटरची पाण्याची गाठ निघाली, तेव्हा आता पानथरीच काढणार, असे निफाडच्या नातेवाइकांनी परस्पर ठरवून टाकले. नाशिकमधील ज्या खासगी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, तेथील सर्जननी मात्र अशी घाई केली नाही.

सीटी स्कॅनबरोबर त्यांनी हायडॅटिडची (एका कृमीमुळे होणाऱ्या गाठीची) रक्ततपासणी आधी करून घेतली, कारण गाठ त्या कृमीची असेल आणि तिच्यातील द्रव पोटात सांडला, तर ॲलर्जीचा जीवघेणा झटका येऊ शकतो. ती शंका फिटल्यावर त्यांनी केसपेपरच्या मागे पेनाने पानथरीचे चित्र काढून समजावले : नुसते सुईने पाणी काढले तर गाठ बहुधा पुन्हा भरते, म्हणून तिचे बाहेर डोकावणारे छप्पर दुर्बिणीतून कापून काढायचे आणि निरोगी पानथरी जागेवर ठेवायची, कारण न्यूमोकोकससारख्या जिवाणूंना आवरायला ती जन्मभर लागते. गाठ खोलवर, रक्तवाहिन्यांच्या मुळाशी असती तर हा मार्ग जमला नसता, हेही त्यांनी सांगितले. रक्तस्राव थांबला नाही तर पानथरी काढावी लागेल, हे न लपवता त्यासाठीच्या लसी त्यांनी 2 आठवडे आधीच द्यायला लावल्या. चार छोट्या छिद्रांतून काम झाले आणि तिसऱ्या दिवशी बहीण घरी आली.

तक्रारी आहेत, त्या वॉर्डाबद्दल आणि बिलाच्या खिडकीबद्दल. पोट फुगवायला वापरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे नंतर खांदा दुखतो, हे आधी कोणीच न सांगितल्यामुळे पहिल्या रात्री डावा खांदा ठणकू लागताच बहीण हार्ट अटॅक समजून रडायला लागली. पॅकेजमध्ये लसी धरलेल्या नाहीत, हे बिल हातात आल्यावर कळले. कॅशलेसच्या मंजुरीसाठी तर सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत आम्ही पिशव्या भरून बसलो होतो.

बायोप्सीचा अहवाल साध्या गाठीचा आला, पण तो मला दोन खेपा घालून आणावा लागला. गाठ पुन्हा भरते का, हे पाहण्यासाठी सहा महिन्यांनी सोनोग्राफी आहे. तीसुद्धा याच सर्जनना दाखवणार आहोत.