हॅबिट ट्रॅकर ॲप: एक स्टार, तो पण टायमरला

पुण्याच्या आतेभावानं १ जानेवारीला डोक्यात भरवलं, भावा तुझा दिवस जातो कुठं ते तरी कळंल, म्हणून वर्षाचे पैसे एकदम भरून बसलो (महिन्याचा ऑप्शन खाली बारीक अक्षरात होता, नंतर दिसला).

टायमर मात्र चांगलाय. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी, ते पोमोडोरो म्हणत्यात ते. चिरिल्लो म्हणून एका इटालियन माणसानं कॉलेजात असताना टोमॅटोच्या आकाराच्या किचन टायमरवर ही पद्धत काढली, पोमोडोरो म्हणजे तिकडं टोमॅटो. अकाउंटचं काम आहे माझं, २० तारखेला जीएसटीच्या ३बी रिटर्नची बोंब असती, त्यात खरंच उपयोग झाला.

बाकी वैताग. दर अर्ध्या तासाची नोंद मागतंय. आईबरोबर शेंगा फोडत बसलो तर रिपोर्टात लाल पट्टी, 'वाया गेलेला वेळ १ तास ४० मिनिटं'. आईला दाखवलं तर म्हणाली शेंगा तर फोडून झाल्या की रे.

संध्याकाळी मी कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर जातो. म्हशी समोर उभ्या, धार काढून फेसाळ ग्लास हातात देत्यात, पण म्हैस पान्हवंपर्यंत थांबायला लागतंय, आणि थांबायचं म्हणजे नुसतं बसायचं, कोण आलं गेलं बघायचं. हे कशात टाकू? 'विश्रांती'त टाकलं तर लगेच मेसेज, 'छान! उद्या तुम्ही जास्त जोमाने काम कराल.' म्हणजे मी आज बसलो ते पण उद्याच्या कामाच्या खात्यावर जमा! शेजारी तालमीतला पोरगा होता, त्याला वस्ताद दुपारी झोपायलाच लावत्यात, ती झोप मेहनतीतच धरायची. त्याचं बरोबर हाय, त्याला मैदान मारायचंय. मला कुठलं मारायचंय, मी दूध प्यायला आलोय.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे सवय लागती. रविवारी दोस्ताचा फोन आला काय करायलाईस, तर मी गच्चीत पाय पसरून बसलोवतो आणि तोंडातनं निघालं 'जरा कामात हाय'. आधी सरळ 'काय न्हाई, बसलोय निवांत' म्हणायचो, त्यावर कोण पुढं विचारायचं पण न्हाई.

त्याच रात्री ॲप काढून टाकलं. रिफंडच्या फॉर्मात कारण निवडा म्हणून सात ऑप्शन होते, त्यातलं माझं एक पण नव्हतं, 'इतर' टिक केलं. पैसे अजून यायचेत.